चाळीस सेकंदांचं काश्मीर

पोतदारकाकांनी कॅसेट मध्येच थांबवली आणि म्हणाले, "हर्षा, हिच्या बांगड्या कुठं गेल्या?"

मी डबा उघडून जेवायला बसले होते. दुपारचे साडेबारा वाजले असतील. टीव्हीवर रेश्मा आणि हणमंत साळुंखे काश्मिरात उभे होते. मागं बर्फाचे डोंगर, तळं, तळ्यात होडी. हणमंत कोटात, रेश्मा लाल शालूत, दोघं हात जोडून पाहुण्यांना नमस्कार करतायत. चाळीस सेकंदांचा तो तुकडा मी दोन दिवस घाम गाळून केला होता, आणि काका आता तरी पाठ थोपटतील म्हणून घास हातात धरून वाट बघत होते.

"गेल्या ना," मी म्हणाले. "पडदा हिरवा, बांगड्याही हिरव्या. पडद्याचा रंग काढला तेव्हा त्याही गेल्या. हाताला नुसती भोकं पडली होती काका, त्यातनं तळं दिसत होतं. मी ती भरून काढली. कळतं तरी का बघा."

काकांनी पाठ थोपटली नाही. ते टीव्हीच्या समोरून उठले, स्टुडिओचं दार आतून लावलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. कशामुळे ते अजून मला कळत नव्हतं. एवढी मी शहाणी.

आता शेंबडं पोरगंही हे मोबाइलवर करतं. तेव्हा तसं नव्हतं. आमच्या तालुक्यात लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करणारा कॉम्प्युटर एकच, पोतदारकाकांचा, आणि तो चालवणारी मी एकटी. मला येत काय होतं? सहा महिन्यांचा क्लास आणि कॉम्प्युटरबरोबर आलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. त्या पुस्तकात होतं की चित्रं एकावर एक थरांसारखी ठेवायची. खाली काश्मीर, वर नवरानवरी. मग वरच्या थरातला एक रंग कॉम्प्युटरला दाखवायचा आणि सांगायचं, हा रंग पारदर्शक कर. तो रंग जिथं जिथं असेल तिथून खालचं दिसायला लागतं. नवरानवरी शाळेच्या खोलीत पडद्यापुढं उभी असली तरी काश्मिरात जाऊन पोचतात.

यापूर्वी काका हे काम कोल्हापूरला पाठवायचे. तिकडचा मिक्सिंगवाला बजावून सांगायचा, पडदा निळाच लावा. निळाच का, हे त्या बाबानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. माझ्या पुस्तकात मात्र ठळक अक्षरात होतं की हिरवा सगळ्यात उत्तम. मग काय विचारता! मी काकांच्या मागं लागून अकरा मीटर हिरवं कापड आणायला लावलं. गोऱ्यांच्या नवऱ्या हिरवा चुडा भरत नाहीत, हे त्या पुस्तकाला काय ठाऊक? आणि आमच्या नवऱ्या भरतात, हे मला ठाऊक असून उपयोग झाला नाही.

काका हळू आवाजात म्हणाले, "बाई, सवाष्णीचे हात आहेत ते. नव्या नवरीचे. ओकेबोके केलेस तू."

तेव्हा कुठं मला दिसलं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. लाल शालू, कपाळाला मुंडावळ्या, गळ्यात मंगळसूत्र, आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात मोकळे. बांगडी फुटली असा शब्दसुद्धा आपल्यात तोंडातून काढत नाहीत, वाढवली म्हणतात. आणि मी त्या पोरीचा अख्खा चुडा उतरवून तिला नवऱ्याच्या शेजारी उभी केली होती.

"कॅसेट अजून इथंच आहे ना?" मी विचारलं. खरं म्हणजे मला माहीत होतं.

ती सकाळी नऊलाच गेली होती. रेश्माचा चुलतदीर येऊन घेऊन गेला होता. काका आता बघत होते ती दुसरी प्रत, रेश्माच्या माहेरी द्यायची. पहिली प्रत खडकओहळला साळुंख्यांच्या घरी पोचली होती, आणि आज रेश्माचं पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दीर जाताना हौसेनं सांगून गेला होता, तीनला लाइट आली की गावातल्या सगळ्या बायकांना टीव्हीवर लग्न दाखवायचंय.

गावात फोन एकच, किराणा दुकानात. काकांनी तीनदा लावला. नुसता वाजत राहिला. चौथ्यांदा लावायला गेले आणि हात मागं घेतला. "आणि उचलला तरी सांगणार काय त्याला?" म्हणाले. दुकानदाराच्या तोंडून असला निरोप म्हणजे चावडीवर दवंडीच.

त्यांनी स्कूटर काढली आणि मी मागं बसले. डबा तसाच उघडा राहिला.

वाटेत काकांनी मला साळुंख्यांच्या घरचं सगळं सांगितलं. वारा असल्यामुळे ते मान मागं वळवून ओरडून बोलत होते. हणमंत फौजेत. लग्नाला महिन्याची रजा मिळाली होती, पण बाराव्या दिवशी तार आली आणि हळदीच्या अंगानं पोरगा निघाला. त्या वर्षी सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या. रोज रेडिओवर काही ना काही यायचं, आणि आमच्याकडच्या ज्या ज्या घरातला माणूस तिकडे होता तिथं बातम्यांच्या वेळी कोणी मोठ्यानं बोलत नसे. त्याचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. आणि याच्यावर कडी म्हणजे त्याचा बापही फौजेतच होता. हणमंत चार वर्षांचा असताना गेला तो परत आला नाही. अनसूयाबाईंनी, म्हणजे हणमंतच्या आईनं, हे एकच पोर शेतात राबून वाढवलं.

"त्या घरात ही कॅसेट गेलीय," काका ओरडले. "उद्या तिकडे काही बरंवाईट झालं तर लोक म्हणणार, सुनेच्या हातांनी आधीच दाखवलं होतं. आणि काही नाही झालं तरी काय? कार्यक्रमाला तिला कोणी ओटी भरायला बोलावणार नाही. बायका विसरत नाहीत असलं."

माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. लग्नाच्या दिवशी हणमंतला वर्दी घालून त्या पडद्यापुढं उभं राहायचं होतं. ट्रंक दुसऱ्या खोलीत राहिली होती, किल्ली सापडेना, वऱ्हाडी जेवायला खोळंबले होते, म्हणून कोटावरच भागवलं. वर्दीही हिरवीच. ती असती तर रेश्माचे हात राहिले बाजूला, शेजारी मान आणि डोकं तेवढं उरलं असतं. मी काकांचा शर्ट घट्ट धरला.

रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला. हंगाम ऐन भरात होता. एका वळणावर ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कलंडली होती, अर्धा रस्ता उसानं झाकला होता आणि माणसं निवांत कांडी सोलत उभी होती. काकांनी हॉर्न वाजवून बघितला, हातापाया पडून बघितलं. शेवटी आम्ही दोघांनी स्कूटर उतरवून शेताच्या बांधावरून ढकलत नेली. काकांना दम्याचा त्रास. ते मध्येच थांबून धापा टाकत होते आणि मी घड्याळाकडं बघत होते. अडीच. पावणेतीन. मी देवाला एवढंच म्हणत होते की लाइट येऊ देऊ नकोस. एरवी चार चार तास येत नाही तशी आज दिवसभर येऊ देऊ नकोस. असा नवस मी जन्मात पुन्हा केला नाही.

खडकओहळच्या वेशीपाशी आलो आणि मला पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकू आला. गिरणी चालू म्हणजे लाइट आली होती. काकांनीही ऐकलं असणार, कारण त्यांनी गाडी आणखी जोरात सोडली.

साळुंख्यांच्या दारात चपलांचा ढीग होता. सोप्यात पन्नासेक बायका दाटीवाटीनं बसलेल्या, समोर स्टुलावर रंगीत टीव्ही आणि त्याच्याखाली भाड्याचा व्हीसीआर. काका उंबऱ्याबाहेरच थांबले. हळदीकुंकवाच्या घोळक्यात पुरुषमाणूस काय म्हणून शिरणार? मला म्हणाले, "जा, तूच जा. मागच्या दारानं जा. कसंही कर पण थांबव." मग ते दारातल्या बाजेवर बसले आणि हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांना तसं बसलेलं बघून मला जास्त भीती वाटली.

घराला वळसा घालून जाताना मला टीव्हीचा आवाज ऐकू येत होता. मंगलाष्टकं चालली होती. ही कॅसेट मला तोंडपाठ होती. पाचवं मंगलाष्टक, सहावं, मग अक्षता, वाजंत्री, हार घालणं, आणि त्यानंतर सनई वाजायला लागली की काश्मीर. जेमतेम पाच मिनिटं उरली होती.

मागचं दार स्वयंपाकघरात उघडत होतं. आत तीन भांडी भरून तिळगूळ, परातीत बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. आणि स्वयंपाकघर आणि सोपा यांच्या मधल्या उंबऱ्याच्या अलीकडे, अंधारात, अनसूयाबाई पाटावर बसल्या होत्या. पांढरट लुगडं, डोक्यावर पदर. घरात सुनेचा पहिला सण, सगळी मांडामांड यांनीच केलेली, आणि स्वतः मात्र आतून बघत होत्या. लग्नात मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा चुलीपाशी.

मी त्यांच्याजवळ बसले आणि कुजबुजले की आक्का, मी स्टुडिओतली, कॅसेट चुकीची आलीय, बंद करायला पाहिजे. त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं की काही चुकीची नाही, पहिल्यापासनं बघतीय, माझ्याच लेकराचं लगीन हाय. मी म्हणाले, पुढं खराब आहे. तर म्हणाल्या, असू दे की, थोडं खराब चालतंय. मी म्हणाले, मशीन बिघडेल. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं नीट बघितलं. मी घामानं चिंब होते आणि माझे दात वाजत होते.

"खरं काय त्ये सांग," त्या म्हणाल्या.

सांगायचं कसं? तोंडातून शब्द काढावा तर तो पुन्हा अपशकुनच. बाहेर अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, बायका हसायला लागल्या, रेश्मा लाजली म्हणून कोणीतरी तिला चिडवलं. ती टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती, काळ्या साडीत, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून. मी अनसूयाबाईंच्या पुढं माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं मनगटापासून कोपरापर्यंत फिरवली. तेवढंच. "वहिनींच्या," मी म्हणाले. "माझ्या हातून पुसल्या गेल्या."

त्यांना कळलं. त्यांचा चेहरा हलला नाही, पण पाटावर टेकलेली त्यांची बोटं पांढरी पडली.

"किती येळ हाय?"

"सनई वाजली की लगेच."

मला वाटलं त्या कोणालातरी हाक मारतील, बंद कर म्हणून. पण बंद करा म्हटलं की का म्हणून विचारणार, आणि मग परत लावून बघणार. घोळक्यातल्या एकीला जरी शंका आली तरी संपलं. हा हिशेब त्यांनी माझ्याआधी केला असावा. त्यांनी पदर सावरला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि उंबरा ओलांडला.

बायकांना आधी काही समजलंच नाही. मग एकेकीनं ओटीचं ताट मागं ओढलं, पाय आखडून घेतले. हळदीकुंकवाच्या बैठकीत मधोमध चालत येणारी ही बाई या गावात पहिलीच असणार. एका म्हाताऱ्या बाईनं, अगं अनसूये, असं अर्धवट म्हटलं आणि पुढचं गिळलं. रेश्मा उठून उभी राहिली. सनई सुरू झाली.

आणि अनसूयाबाई टीव्हीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. काचेला नाक लागेल इतक्या जवळ. पदर दोन्ही बाजूंनी पसरला होता आणि पडद्याचा एक कोपरासुद्धा दिसत नव्हता. एक हात त्यांनी काचेवर वर ठेवला, जिथं हणमंतचा चेहरा होता, आणि दुसरा खाली, पसरून.

"आक्का, दिसंना की," मागून कोणीतरी म्हणालं.

"मला जवळनं बघू द्या," त्या म्हणाल्या. पाठ तशीच. "तीन आठवडं झालं, पत्तर न्हाई त्याचं. बघू द्या मला माझं लेकरू."

मी उंबऱ्यामागं उभी राहून आकडे मोजत होते. दहा. वीस. काचेवरचा त्यांचा खालचा हात जागचा हलला नाही. तीस. घोळक्यातली एक बाई डोळे पुसत होती आणि तिच्या शेजारची तिच्या कानात काहीतरी सांगत होती, तोंड वाकडं करून. पस्तीस. रेश्मा सासूकडं बघत होती आणि तिला काहीच कळत नव्हतं. चाळीस. सनई संपली, जेवणाच्या पंगती आल्या. अनसूयाबाई बाजूला झाल्या आणि कोणाकडंही न बघता आत निघून आल्या.

पंगतीत कोणी किती जिलब्या खाल्ल्या यावर बायका पुन्हा बोलायला लागल्या, पण आवाज मघासारखे मोकळे नव्हते. मी नंतर ऐकलं की पुढं वर्षभर गावात हेच चालू होतं. अनसूयेला एवढं कळू नये? भरल्या हळदीकुंकवात आली, जोडप्याच्या चित्राला हात लावला. रेश्माबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

वाण वाटून झालं, तिळगूळ झाला, बायका गेल्या. मग अनसूयाबाईंनी व्हीसीआरमधून कॅसेट काढून घेतली आणि माझ्या ओच्यात टाकली. काश्मीर नको, म्हणाल्या, शाळेची खोलीच असू दे, खोटं काय करायचंय. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि चहा टाकला. मी रडत होते आणि त्यांची माफी मागत होते. त्या ऐकतायत की नाही कळत नव्हतं. चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं,

"हात कुनाचं हायती ते?"

माझं रडणं थांबलं.

"काचेला नाक लावून बघितलंय मी, पोरी. तळव्यापातूर रेश्माचं. फुडं न्हाई. फुडं दुसऱ्या कुन्या बाईचं हायती. राबनाऱ्या बाईचं."

हे मी पोतदारकाकांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं, भोकं भरली म्हणजे कशानं भरली. बांगड्या पारदर्शक झाल्यावर त्या जागी तळं दिसायला लागलं, तेव्हा मी एक दिवस नुसतीच डोकं धरून बसले होते. मग मला वाटलं, वाह, काय अक्कल चालली आपली! कॅमेरा आणि तो हिरवा पडदा घेऊन मी घरी गेले, रेश्मासारखेच हात जोडायला लावले, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा तेवढा तुकडा कापून मधल्या थरात ठेवला. खाली काश्मीर, मध्ये ते हात, वर रेश्मा. इतके नेमके बसले की मी स्वतःच टाळी वाजवली होती.

"माझ्या आईचे," मी म्हणाले.

"आन् वडील?"

"मी नववीत असताना गेले."

अनसूयाबाई कप तसाच हातात धरून खाली बसल्या. आता कप भिंतीवर फुटतो की माझ्या अंगावर येतो, असं वाटून मी अंग चोरलं. नव्या नवरीच्या अंगावर मी विधवेचे हात चढवले होते, आणि त्या घरात ते पाठवले होते. इतका वेळ मी फक्त बांगड्या गेल्या म्हणून घाबरत होते. हे मात्र स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"दोन दिस ते चित्र बघत हुतीस," त्या सावकाश म्हणाल्या. "काय कमी हाय ते दिसलं न्हाई तुला?"

"नाही दिसलं, आक्का. आमच्या घरात हात असेच असतात."

बाहेर रेश्मा चटया झटकत होती आणि तिच्या बांगड्या वाजत होत्या. मग अनसूयाबाईंनी कप माझ्यापुढं सरकवला.

"हणमंता बारका हुता तवा कासारीण आली, बाया चुडा भराय बसल्या की माझ्यामागं दडायचा," त्या म्हणाल्या. "इचारायचा, आये, त्या बायांच्या हाताला काय झालंय." त्यांनी डोळे पुसले. "ह्ये कुनाला सांगू नगंस. पोतदारास्नी न्हाई, रेश्माला न्हाई. तुज्या आईला तर मुळीच न्हाई. ती बिचारी सोताला दोष देत बसंल."

येताना काकांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणाले, काश्मीर नको म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ते हिरवं कापड मांडववाल्याला देऊन टाकलं. माझी भीती मात्र अशी देऊन टाकता आली नाही. पुढं नऊ महिने स्टुडिओतला फोन वाजला की मी कानांवर हात ठेवायचे. सकाळी पेपर आला की आधी काकांना वाचायला लावायचे. दसऱ्याच्या आसपास फौजा मागं आल्या, आणि दिवाळीत हणमंत रेश्माला घेऊन पेढे द्यायला आला. धडधाकट, थोडा काळवंडलेला. मी त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि आत जाऊन उलटी केली.

पण त्या दिवशी खडकओहळहून मी घरी पोचले ती दिवेलागणीला. आई खानावळीच्या भाकऱ्या थापत होती. चुलीच्या उजेडात तिचे हात पिठानं माखलेले. मी दारातच उभी राहिले आणि बघत बसले. पाच वर्षं ते हात रोज डोळ्यांपुढं होते.

"आलीस?" ती म्हणाली. "मग काय, काश्मीर फिरून आले का माझे हात?"

मी तिला तेवढंच सांगितलं होतं. कोणाच्या लग्नातले, कशाकरता, काही नाही. काश्मीरचं चित्र आहे आणि त्यात हात हवेत, एवढंच.

"आले," मी म्हणाले.

"बघितले का कुणी?"

"एका बाईनं बघितले. अगदी जवळून."

"काय म्हणाली?"

"राबणाऱ्या बाईचे हात आहेत म्हणाली."

आई खूश झाली. तव्यावरची भाकरी उलटून तिनं दोन्ही हात चुलीपुढं धरले, एकदा पालथे करून बघितले, एकदा उताणे.

"पुढच्या वेळी आधी सांगत जा गं," ती म्हणाली. "थोडं तूप तरी चोळलं असतं."